६ मिमीचा मुतखडा, दुखायचं थांबलंय. आता गोळ्या बंद करायच्या का?

लूमशेड_पूर्वभाग

भावासाठी विचारतोय. वय ३४, टॉवेलच्या लूमवर काम, बारा तासांची पाळी. मागच्या आठवड्यात उजव्या कुशीतून जांघेपर्यंत कळा आणि उलट्या सुरू झाल्या, इंजेक्शननं थांबल्या. सोनोग्राफीत आलंय: उजव्या युरेटरच्या (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) खालच्या टोकाला, व्हीयूजेजवळ (ही नळी मूत्राशयाला मिळते ती जागा) ६ मिमी खडा, उजव्या किडनीला माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस (लघवी तुंबून किडनी थोडी फुगलीय). डाव्या किडनीत ४ मिमीचा एक. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) १.०. टॅम्सुलोसिन रात्री एक, दुखलं तर डायक्लोफेनॅक, आणि लघवीसाठी गोड औषधाची बाटली दिलीय.

आता काहीच दुखत नाही म्हणून तो म्हणतोय खडा पडला, गोळ्या बंद. घरात हुलग्याचं पाणी चालू आहे, टोमॅटो आणि दूध बंद केलंय, बोअरचं पाणी सोडून जार लावलाय. यातलं बरोबर काय, चूक काय की ओ?

कुशीतली_कळ

आधी मुख्य गोष्ट. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं धरून चालू नका. खडा लघवीत सापडला का? नसेल तर तो अजून तिथंच आहे असं समजा.

कळ येते ती खडा टोचतो म्हणून कमी आणि वरून येणारी लघवी तुंबून किडनीवर अचानक ताण येतो म्हणून जास्त. म्हणूनच या दुखण्यात माणूस एका जागी पडून राहू शकत नाही, येरझाऱ्या घालतो. काही दिवसांनी तुंबलेल्या बाजूला लघवी कमी तयार व्हायला लागते, ताण उतरतो, दुखणं थांबतं. खडा मात्र हललेला नसतो. पूर्ण अडथळा दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर किडनीचं काम सगळं परत येईलच असं नाही, आणि दीड महिन्यानंतर बरंचसं नुकसान कायमचं असतं. हे सगळं काहीही न दुखता घडू शकतं.

क्रिएटिनिन १.० आहे यावर विसंबू नका. एक किडनी तुंबली तर दुसरी भार उचलते आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल दिसतो.

६ मिमी हा मधला आकार आहे. ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, ५ ते १० मिमीमध्ये साधारण निम्मे. तुमच्या भावाचा खडा अगदी मूत्राशयाच्या तोंडाशी आलाय, ही चांगली बाजू. त्या जागी खडा असला की वारंवार लघवीला लागतं, थोडी थोडी होते, शेवटी जळजळ होते. ही लक्षणं चालू असतील तर कुशीत दुखत नसलं तरी खडा तिथंच असण्याची शक्यता जास्त.

करायचं असं:

टॅम्सुलोसिन डॉक्टरांनी सांगितलेत तितके दिवस चालू. लघवी गाळून करायची. चहाची जुनी स्टीलची गाळणी वेगळी काढून ठेवा, कामावर डब्यात नेता येते. खडा सापडला तर धुऊन, वाळवून कोरड्या डबीत ठेवा, स्पिरिटमध्ये नको. लॅबमध्ये त्याचं विश्लेषण होतं आणि पुढचं पथ्य त्यावरच ठरतं.

दोनेक आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, मूत्राशय पूर्ण भरलेलं असताना. तासभर आधी चार ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून जायचं. मूत्राशय रिकामं असेल तर खालच्या टोकाचा खडा दिसत नाही आणि ‘खडा नाही’ असा फसवा रिपोर्ट येतो. युरेटरचा मधला भाग तर आतड्यातल्या गॅसमुळं एरवीही नीट दिसत नाही. शंका राहिली तर साधा सीटी केयूबी (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन), त्याला इंजेक्शनचं औषध लागत नाही. खडा दिसला नाही तरी उजवी किडनी फुगलेली असेल तर प्रकरण मिटलेलं नाही.

एकूण चार, फार तर सहा आठवडे वाट पाहायची. तोवर पडला नाही तर काढायचा.

डाव्या किडनीतला ४ मिमीचा तूर्त सोडून द्या. तिथं पडून असलेला खडा सहसा दुखत नाही. सहा महिन्यांनी एकदा बघा, पुढं वर्षाला.

आणि वाट न पाहता तडक हॉस्पिटल गाठायची वेळ कोणती: थंडी वाजून ताप येणं (१००.४ फॅरनहाइटच्या वर), लघवी पूर्ण बंद होणं, पाणीही पोटात टिकू नये इतक्या उलट्या, गोळीनं न थांबणारी कळ. यातला ताप सगळ्यात वाईट. तुंबलेल्या लघवीत पू झाला तर नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही, आत नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते, तीही लगेच. रात्र असेल तर सिव्हिलची कॅज्युअल्टी उघडी असते, १०८ ला फोन करा. ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

हुलगा_प्रेमी

हुलग्याचं पाणी पिढ्यानपिढ्या चालत आलंय, त्याला नावं ठेवू नका. सोबत दोन बाटल्या बियर, खडा धारेबरोबर बाहेर.

औषधाची_चिठ्ठी

हुलग्याचं माडगं खुशाल प्या, अन्न म्हणून उत्तमच आहे. पण त्यानं खडा विरघळतो हे सिद्ध झालेलं नाही. त्यात मीठ बेतानं आणि जेवढं पोटात जातं तेवढं पाणी, एवढाच हिशेब. बियरचं म्हणाल तर लघवी वाढते, मग अंगातलं पाणी कमी होतं, युरिक अ‍ॅसिडही वाढतं. वर डायक्लोफेनॅक घेतलेलं असेल तर पोटाची वाट लागते. ते नकोच.

ऐन कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पाजतात, तेही चूक. तुंबलेल्या जागी वरून जोर वाढवून खडा सरकत नाही, कळ आणि उलटी मात्र वाढते. कळ थांबली की मग नेहमीसारखं पाणी.

औषधांबद्दल, कारण गोंधळ तिथंच होतो.

टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ युरेटरच्या खालच्या भागाचे स्नायू सैल करतं. रात्री जेवणानंतर घ्यायचं. बिछान्यातून झटकन उठल्यास चक्कर येते, पहिल्या काही दिवसांत जास्त. लूमवर उभं राहणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं, चालत्या धोट्याशेजारी भोवळ परवडणारी नाही. वीर्य कमी येणं किंवा न येणं हाही याचा परिणाम, गोळी थांबवली की पूर्ववत होतं. पोरं घाबरून गुपचूप गोळी सोडतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत, म्हणून लिहिलं.

डायक्लोफेनॅक कळेवर चांगलं चालतं, स्पाझमच्या गोळ्यांपेक्षा बरंच. पण दिवसाला एकूण १५० मिग्रॅच्या वर नाही, उपाशीपोटी नाही, आणि अंगात पाणी कमी असताना तर नाहीच, कारण त्यानं किडनीचा रक्तपुरवठा घटतो. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये घामानं भिजलेला माणूस न पिता दिवसाला तीन गोळ्या खातो, तिथं गडबड होते. दुकानातून ‘अंगदुखीची’ म्हणून वेगळी गोळी आणली तर तिच्यातही बहुतेकदा हेच औषध असतं. पाकिटावरचं नाव वाचा. अल्सर, दमा किंवा आधीच किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

गोड बाटली म्हणजे बहुधा सायट्रेटचं सिरप. जळजळ कमी करतं, लघवीचा आम्लपणा घटवतं. युरिक अ‍ॅसिडचा खडा त्यानं खरंच विरघळू शकतो, लघवीचा पीएच ६.५ ते ७ वर काही आठवडे टिकवला तर. पण बहुतेकांचा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि तो याने विरघळत नाही. सोडियम सायट्रेटवाली बाटली महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, बीपी असेल तर मुळीच नाही. पुन्हा खडे होणं रोखायलाच लागणार असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, मधूनमधून रक्तातलं पोटॅशियम तपासून.

कडक_भाकरी

खाण्यापिण्याचं मी सांगते.

दूध बंद केलंय ते आजच परत चालू करा. सगळ्यात मोठी चूक तीच. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (भाज्या-दाण्यांतून येणारा, खडा बनवणारा पदार्थ) धरून ठेवतं आणि दोन्ही शौचावाटे जातं. कॅल्शियम कमी केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून रक्तात, तिथून लघवीत. म्हणजे दूध सोडून खडे वाढतात. जेवणासोबत वाटीभर दही किंवा ताक, रोज. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या स्वतःच्या मनानं नकोत. व्हिटॅमिन सीच्या १००० मिग्रॅच्या गोळ्याही नकोत, त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं.

टोमॅटोला उगाच बदनाम केलंय, त्यात ऑक्झलेट कमी असतं. जपायचं ते पालक, माठ, आंबट चुका, बीट यांना. पालक तर या यादीत फार वर आहे. शेंगदाण्यातही बऱ्यापैकी असतं, पण सोलापुरात राहून शेंगाचटणी सोडा म्हणणारा माणूस मला भेटायचाय. चमचाभर चटणी दह्यात कालवून खा. मूठमूठ भाजके शेंगदाणे चघळत बसणं मात्र कमी करा.

चटणीत मला मिठाची जास्त काळजी वाटते. मीठ वाढलं की लघवीत कॅल्शियम वाढतं, हे कायम विसरलं जातं. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात चटणी, लोणचं, पापड, फरसाण, सगळं आलं. मटण रविवारी चालेल, रोजचं नको.

पाण्याचं माप पिण्यावर नको, लघवीवर ठेवा: चोवीस तासांत अडीच लिटर. सुट्टीच्या दिवशी लिटरच्या खुणा असलेल्या बाटलीत एकदा मोजून बघा. इथल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, शेडमध्ये त्याहून जास्त, तिथं साडेतीन-चार लिटर पिऊनही लघवी लिटरभरच होऊ शकते. लूमजवळ बाटली ठेवा, तासाला एक ग्लास. झोपताना एक, रात्री लघवीला उठलं तर अर्धा, कारण खडे वाढतात ते रात्रीच्या गडद लघवीत. एकदम दोन-तीन लिटर ढोसू नका. दोन लिंबांचा रस पाण्यात, मीठ-साखर न घालता, सायट्रेट मिळतं. मसाला सोडा त्यात धरू नका.

बोअरच्या क्षारामुळं खडा होतो हे इथं घराघरात पक्कं बसलंय. पाण्याच्या जडपणाचा संबंध फारच किरकोळ आहे. स्वच्छ असेल तर तेच प्या, जारचा खर्च वाचवा. चार दिवसांनी नळाला पाणी येतं म्हणून जपून पिणं हे त्याहून जास्त नडतं.

आणि विड्या वळणाऱ्या बायकांना हे सांगा: कारखान्यात संडासाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणीच न पिणं, लघवी रोखणं, यानं इन्फेक्शनचे खडे वेगळेच होतात, ते मोठे आणि वाईट असतात.

लूमशेड_पूर्वभाग

दूध सुरू केलं. गाळणी घेतली. जळजळ आहे म्हणतो, शेवटी शेवटी. नाहीच पडला तर ऑपरेशन म्हणजे चिरफाड का? नळी टाकतात म्हणे, त्याची भीती वाटायलीय.

कुशीतली_कळ

या जागेच्या खड्याला चिरायची गरज नाही. लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण घालून लेझरनं फोडतात, त्याला यूआरएस म्हणतात. बाहेरून लाटांनी फोडायचा पर्याय, ईएसडब्ल्यूएल, इथंही चालतो, पण एका खेपेत मोकळं होण्याची खात्री दुर्बिणीत जास्त. पाठीतून छिद्र पाडायचं पीसीएनएल किडनीतल्या २ सेंमीच्या वरच्या खड्यांना लागतं.

नळी म्हणजे डीजे स्टेंट, किडनी ते मूत्राशय. ती असेपर्यंत सारखी लघवी, लघवी करताना कुशीत दुखणं, जड उचललं की लाल लघवी, हे व्हायचंच. टॅम्सुलोसिननं आराम पडतो. खरा धोका विसरण्याचा. यूआरएसनंतर साधारण एक-दोन आठवड्यांत ती काढतात. त्रास थांबला म्हणून माणूस फिरकत नाही आणि मग नळीवरच खडे चढतात, ती ओढून निघत नाही. डिस्चार्ज कार्डावर काढायची तारीख लिहून घ्या, फोनमध्ये आठवण लावा.

खर्चासाठी, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. रेशन कार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन ॲडमिट होण्याआधी योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) भेटा. आधी बिल भरून नंतर योजनेत बसवायला गेलात तर अवघड जातं.