बी. एल. कूम्ब्स यांना वेल्सचे लेखक का मानतात?

विट्याचा वाचक: आमच्या भागातून गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परमुलखात गेलेल्यांच्या आठवणी लिहून घेताना मी कूम्ब्स यांचे ‘दीज पुअर हँड्स’ हे १९३९ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचले. वुल्वरहॅम्प्टन येथे जन्मलेला हा इंग्रज माणूस दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा आवाज कसा ठरला?

कराडकर: तरुणपणी कामासाठी नीथ खोऱ्यातील रेझॉल्व्हन गावी आलेले कूम्ब्स तिथलेच झाले. अनेक दशके खाणीत राबून त्यांनी लिहिले, आणि जखमी सहकाऱ्यांवर प्रथमोपचार करण्याचे काम केल्यामुळे अपघात त्यांना अगदी जवळून दिसले. परका म्हणून आल्यानेच, माझ्या मते, स्थानिकांना सवयीच्या झालेल्या गोष्टी त्यांना टिपता आल्या. (आमच्याकडेही सासुरवाशिणीलाच घराच्या रीती अधिक दिसतात.)

साताऱ्याहून: पुस्तक प्रकाशक गोलांझ यांच्या ‘लेफ्ट बुक क्लब’ या डाव्या विचारांच्या पुस्तक-मंडळामार्फत निघाल्याने ते खोऱ्याबाहेरच्या मध्यमवर्गापर्यंत पोहोचले, हेही विसरू नये. कमी मजुरी आणि अधिक तास नाकारणाऱ्या खाणकामगारांना मालकांनी १९२६ मध्ये मे महिन्यापासून कामाबाहेर ठेवले. त्यांच्या पाठिंब्यासाठी इतर कामगारांनी केलेला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मागे घेतला गेला, तरी खाणकामगार अनेक महिने एकाकी लढत राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर जावळीत परतलेल्या माझ्या वडिलांच्या तोंडून उपासमारीपेक्षा उधारीच्या लाजेचेच वर्णन अधिक येत असे.

विट्याचा वाचक: मग आठवणी घेताना उधारीबद्दलही विचारतो.