नव्या रीफ टँकमध्ये वाळू घालावी की तळ उघडा ठेवावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्याकडे गेली ५ वर्षे खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक आहे आणि पुढच्या महिन्यात त्यातले मासे व प्रवाळ १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या नव्या टँकमध्ये हलवायचे आहेत. स्टँड, संप (खालची गाळणीची टाकी), स्किमर (फेसासोबत पाण्यातली घाण काढणारे उपकरण), दोन वेव्हमेकर (प्रवाह निर्माण करणारे पंप) अशी बाकीची तयारी झाली असून घोडे अडले आहे ते तळापाशी.

जुन्या टँकमध्ये ॲरॅगोनाइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाच्या) बारीक वाळूचा सुमारे ६ सेंटिमीटरचा थर आहे. थर ढवळू नये असे सुरुवातीला सांगितले गेल्यामुळे मी त्याला कधी हात लावला नाही. गेल्या पावसाळ्यात एक दगड उचलताना त्याखालची वाळू ढवळली गेली आणि काचेलगत जिथे काळी रेघ दिसत असे, तिथून बुडबुडे येऊन खोलीभर सडक्या अंड्यांसारखा वास पसरला. रात्रीच निम्मे पाणी बदलले, तरी सकाळपर्यंत एक क्लाऊनफिश आणि दोन झिंगे दगावले. प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरात हायड्रोजन सल्फाइड साठते हे वाचून ठाऊक होते. पण ते आपल्या घरातही साठत असेल, असे काही वाटले नव्हते.

नव्या टँकमध्ये ॲक्रोपोरा (फांद्यांसारखे वाढणारे कठीण प्रवाळ) ठेवण्याची इच्छा आहे. त्यांना लागणारा जोरदार प्रवाह सोडला की बारीक वाळू उडून प्रवाळांवर बसते. उघड्या काचेवर मात्र गाळ डोळ्यांना दिसतो आणि कुजून त्याचे नायट्रेट-फॉस्फेट होण्यापूर्वी सायफनने ओढून काढता येतो. शिवाय ३ सेंटिमीटरच्या थरालाही २१-२२ लिटर, म्हणजे ३० किलोच्या आसपास वाळू लागेल, ती वेगळीच.

एवढे सगळे पटूनही निर्णय होत नाही, याचे कारण माझा पिवळा कोरिस हा मासा. दिवे मालवण्याच्या थोडे आधी तो उजव्या कोपऱ्यातल्या ठरलेल्या जागेवर दोन फेऱ्या मारतो, अंग तिरके करून डोके वाळूत खुपसतो आणि क्षणात दिसेनासा होतो. सकाळी त्याच जागी आधी दोन डोळे वर येतात. आमच्याकडे त्याची झोपायची वेळ हीच पाने मांडायची वेळ झाली आहे. निव्वळ काचेवर त्याला ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते, आणि प्रवाळांवरचे चपटे किडे टिपून खाणारा हा मासा कुणाला देऊन टाकणेही जिवावर येते.

तेव्हा तळ उघडा ठेवून कोपऱ्यात वाळू भरलेली एखादी पेटी ठेवली तर त्याचे भागेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. वाळू नसल्यास तिच्यातले जिवाणू करतात ते नायट्रेट कमी करण्याचे काम केवळ दगडांवर सोडता येईल का आणि दगड थेट काचेवर ठेवणे सुरक्षित आहे का, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

पेटीने भागते. वाळू १ मिलिमीटरच्या आतली आणि थर ५ ते ७ सेंटिमीटरचा ठेवावा, कारण जाड, टोकदार खड्यांनी या माशांचे अंग खरचटते. पेटी माशाच्या लांबीच्या निदान दुप्पट असावी आणि दगडांआड, प्रवाह मंद असेल तिथे ठेवावी. दर आठवड्याला आलटून पालटून अर्धी वाळू हलवत राहिल्यास काळी रेघ पुन्हा धरणार नाही. जुनी वाळू मात्र कृपया नव्या टँकमध्ये नेऊ नये. ५ वर्षांचा गाळ एकदम पाण्यात उतरेल.

नायट्रेटची फार काळजी नको. तुमचे जुने दगड ओलेच हलवल्यास त्यांवरचे आणि त्यांच्या छिद्रांतले जिवाणू सोबत येतात. मला भीती उलट बाजूची वाटते. उघड्या तळावर माणूस इतका सफाईच्या मागे लागतो की नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर येतात, आणि मग डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी सूक्ष्मजीवांचे तपकिरी, बुडबुडे धरलेले चिकट तंतू दगडांवर पसरतात. माझ्या टँकमध्ये ते घालवायला चार महिने गेले. दोन्ही मोजण्याइतके शिल्लक असू द्यावेत.

दगडांची रचना आधी कोरड्यात जुळवून, एकमेकांना चिकटवून, तीन-चार रुंद पायांवर उभी करावी. खाली प्लॅस्टिकचा पातळ पत्रा घालतात, पण त्याखाली गाळ साचतो. म्हणून मी फक्त पायांखाली तुकडे ठेवले आहेत. उघडी काच सुरुवातीला बोडकी दिसते खरी, परंतु वर्षभरात तिच्यावर जांभळे कोरलाइन शेवाळ चढते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. वाळू न घालण्याचे ठरवले आहे. ३० × २० सेंटिमीटरची काचेची पेटी करून घेतो आणि सवय व्हावी म्हणून ती दोन आठवडे आधी जुन्या टँकच्या त्याच उजव्या कोपऱ्यात ठेवतो. मात्र बाकीची वाळू तशीच असताना तो पेटीत झोपायला जाईल का, की त्यासाठी जुना थर आधी थोडा थोडा काढत जावा?