मदत हवी आहे: ऑपरेशननंतर मुलाचा पाय आखूड पडतोय

रेवा_७: मुलाचं मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. परवा शाळेची पँट शिवायला दिली तर शिंपी म्हणाला, डावा पाय अर्धा इंच कमी भरतोय. डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी बघू. थांबू का? लवकर सांगा.

दगडफूल: वय? मोडलं कुठे? रॉड, प्लेट की स्क्रू?

भटकी: हाडजोडीचा पाला वाटून बांधा. सोबत डिंकाचे लाडू. आमच्या आत्याचा खुबा त्यानेच सुधारला.

दगडफूल: आत्याची वाढ चालू होती का?

रेवा_७: नऊ वर्षं. दोन स्क्रू.

कट्टेकरी: काळजी सोडा. आमच्या मुलीच्या मांडीत टायटॅनियमच्या लवचिक सळ्या घातल्या होत्या. तिचा तर मोडलेलाच पाय सेंटिमीटरभर लांब झाला. लहान वयात होतं तसं.

दगडफूल: ते हाड मधोमध मोडलं तर. ताई, कुठे मोडलं ते सांगाल का?

रेवा_७: गुडघ्याच्या लगेच वर. कागदावर साल्टर-हॅरिस टाइप २ लिहिलंय.

अस्थिमित्र: साल्टर-हॅरिस ही ग्रोथ प्लेटच्या फ्रॅक्चरची वर्गवारी. मग फ्रॅक्चर ग्रोथ प्लेटमधूनच गेलंय, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या पट्टीतून. मांडीच्या हाडाची साधारण ७० टक्के वाढ तिथे होते, वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर. टाइप २ इतर ठिकाणी सहसा निभावतो, इथे भरवसा नाही. सहा महिने थांबू नका, मुलांच्या ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा. दोन्ही पायांचा उभ्याने पूर्ण लांबीचा एक्स-रे लागेल. त्यात ग्रोथ प्लेटजवळ दिसणारी पांढरी रेघ तिला समांतर सरकलेली असेल तर बरं. तिरकी होऊन ग्रोथ प्लेटला टेकत असेल तर हाडाचा पूल झालाय, म्हणजे पट्टीत हाड तयार होऊन तिथली वाढ अडलीय असं समजतात, मग एमआरआय. गुडघा आत-बाहेर झुकतोय का?

रेवा_७: थोडा आत. स्क्रू काढले की वाढ सुरू होईल ना?

अस्थिमित्र: पूल झाला असेल तर नुसते स्क्रू काढून नाही. पूल लहान असेल आणि किमान दोन वर्षांची वाढ बाकी असेल, तर कोरून काढून जागेत चरबी भरतात. पूल मोठा असेल तर दोन्ही पाय सारखे राहावेत म्हणून पुढे दुसऱ्या पायाची वाढ वेळेवर थांबवायचाही पर्याय असतो.

कट्टेकरी: चांगला पाय थांबवायचा? काहीतरीच!

मोरपंखी: शाळेची पँट अजून शिवून घेता? आमच्याकडे रेडिमेडची सक्ती आहे, तीही शाळेच्याच दुकानातून.

रेवा_७: जुने एक्स-रे मोबाइलमधले चालतील की फिल्मच न्यायच्या?

अस्थिमित्र: फिल्म. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या.