मदत हवी आहे: भत्त्यावरून नोकरीकडे जाताना नेमकं अडतं कुठे?

मंडळी, सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना कामाला लावण्याच्या योजनांवर टिपण लिहायला घेतलंय आणि एका आकड्यापाशी गाडी रुतलीये. ब्रिटनच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्न असलेल्यांना किंवा बेरोजगारांना मिळणारा सरकारी भत्ता) कमाई वाढली की भत्ता कापतात. कपातीचा दर आधी 63 टक्के होता, 2021 च्या अखेरीस तो 55 वर आणला. म्हणजे सूट असलेल्या रकमेपलीकडे 100 पौंड जास्त कमावले, तर भत्त्यातून 55 जाणार, पदरात पडणार 45. जाण्यायेण्याचा खर्च पुन्हा त्यातूनच! मग माणूस जास्तीचे तास कशाला घेईल?

अमेरिकेने 1996 च्या कायद्याने वेगळीच वाट धरली: केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या रोख मदतीला साधारण 60 महिन्यांची मर्यादा. मदत घेणाऱ्यांच्या यादीतली नावं घटली हे खरं, पण नाव कमी होणं म्हणजे नोकरी लागणं नव्हे ना? (पहिल्या खर्ड्यात मीच ही गल्लत करून बसलो होतो.)

इथे कुणी रोजगार केंद्रात समुपदेशनाचं काम केलंय का? लोक खरंच कपातीचा हिशेब मांडून थांबतात, की मुलांना कुठे ठेवायचं हीच मोठी अडचण असते? प्रत्यक्ष पाहिलेलं सांगितलंत तर फार बरं होईल.