११८(१) आमच्यावर, दात आमच्या माणसाचा तुटला आणि त्याची मात्र एनसी. आता काय करावं?

जॉबरचा_भाऊ

मामेभाऊ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे. गेटसमोर टेम्पो लावण्यावरून शेजारच्या कारखान्यातल्या दोघांशी मारामारी झाली. समोरच्याने फिर्याद दिली, ‘लोखंडी पान्याने कपाळावर मारलं, हात पिरगाळला, शिवीगाळ करून धमकी दिली.’ एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची कलमं ११८(१) (घातक हत्याराने दुखापत), ११५(२) (साधी दुखापत), ३५२ (शिवीगाळ, अपमान), ३५१(२) (धमकी) आणि ३(५) (समान इरादा) आहेत. त्याच्या कपाळाला चार टाके आहेत. मनगट सुजलंय, एक्स-रे काढलाय, रिपोर्ट यायचाय.

भावाचा पुढचा एक दात तुटला आणि शेजारचा हलतोय. त्याच रात्री तो ठाण्यात गेला, पण फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. ‘तोंडावर वीट मारली, दात तुटला’ असं एनसीत लिहिलंय. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची, ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आलीय. अटक होईल का? आणि आमच्या बाजूने नेमकं काय उभं करता येईल?

उलटतपास

आधी अटकेचं. ११५(२), ३५२, ३५१(२) ही तिन्ही अदखलपात्र आणि जामीनपात्र आहेत. सगळा भार ११८(१) वर आहे. ते दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. तो ठाण्यातून हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. नोटीस आलीय याचा अर्थ तपासी अंमलदाराला आत्ता अटकेची गरज वाटलेली नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं तर कलम ३५(५) खाली अटक करायची नसते, आणि करायचीच झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. तारीख चुकवली की हे संरक्षण गेलं.

जाताना दोन प्रतींत साधा अर्ज न्यावा: नोटीस मिळाली, अमुक तारखेला अमुक वाजता हजर झालो. एका प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. पुढे ‘आरोपी तपासाला सहकार्य करत नाही’ असं पोलिसांच्या म्हणण्यात (कोर्टाला दिलेल्या लेखी उत्तरात) आलं, तर हीच पोच जामीन अर्जाला जोडता येते. जबाबावर सही करायची नसते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१), आणि स्वतःवर आरोप ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर देणं बंधनकारक नाही (कलम १८०). कोऱ्या कागदावर तर सही नकोच. पाना लपवणं, धुणं, भंगारात घालणं यातलं काहीही करू नका. पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा, न्याय संहितेचं कलम २३८, अंगावर येतो.

आता खरी भीती कुठे आहे ते सांगतो. एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं तर कलमवाढ होईल. ११८(२) (घातक हत्याराने गंभीर दुखापत) लागलं तर किमान १ वर्ष, कमाल १० वर्षं किंवा जन्मठेप, आणि मग ३५(३) च्या नोटिशीवर विसंबून राहता येत नाही. पण फिर्याद नीट वाचा. पाना कपाळावर, हात मात्र पिरगाळला. म्हणजे मोडलेलं हाड हत्याराने मोडलेलं नाही. ते ११७(२) (हत्याराशिवाय गंभीर दुखापत) मध्ये बसतं, ११८(२) मध्ये नाही, आणि ११७(२) जामीनपात्र आहे. कोणती जखम कशाने झाली हे फिर्यादीतून आणि डॉक्टरांच्या दाखल्यातून वेगवेगळं काढून वकिलांसमोर ठेवा. रिपोर्ट येईपर्यंत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ चा अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयासाठी तयार ठेवावा. कलमवाढ झालीच तर दाखल करतानाच अंतरिम संरक्षण मागा, कारण पोलिसांचं ‘म्हणणे’ यायला दिवस जातात.

मेडिकोलीगल_सोलापूर

मूळ प्रश्नातल्या दाताकडे कुणाचंच लक्ष गेलेलं दिसत नाही. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत. सातव्यात हाड आणि दात एकाच ओळीत आहेत: मोडणं किंवा निखळणं. दात तुटला असेल तर ती कायद्याने गंभीर दुखापत, म्हणजे निदान ११७(२), शिक्षा ७ वर्षांपर्यंत, आणि ते कलम दखलपात्र आहे. त्यात एनसी चालत नाही. त्यांच्या चार टाक्यांनी मात्र जखम आपोआप गंभीर होत नाही. टाके कितीही असोत, आठ प्रकारांपैकी एकात बसलं पाहिजे. आठव्या प्रकारातली मुदत पूर्वी २० दिवसांची होती, ती आता १५ आहे. तीही नुसतं दवाखान्यात पडून राहून भरत नाही. त्या काळात तीव्र वेदना होत्या किंवा रोजची कामं करता येत नव्हती हे दाखवावं लागतं.

आज करायचं काम: ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र) मागा आणि सिव्हिलला जा. यादी दिली नाही तरी जा, केसपेपरवर ‘मारहाणीत इजा’ असं सांगून एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय) नोंद करायला सांगा. दंत विभागात दोन्ही दातांचा एक्स-रे घ्या. दाखल्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: दाताचा क्रमांक, तुटलाय की निखळलाय, इजेचं अंदाजे वय, आणि ती कठीण बोथट वस्तूने होऊ शकते का. हलणाऱ्या दातावर फार भिस्त ठेवू नका. हिरड्यांचा जुना आजार असेल तर बचाव पक्ष तेच म्हणणार. खाजगी डेंटिस्टने आधी तपासलं असेल तर त्याचा तारखेचा कागद जपा, आणि तुटका दात त्याने काढून टाकण्याआधी एक्स-रे झालेला असू द्या.

दाखला हातात आला की एनसीची प्रत जोडून ठाण्यात लेखी अर्ज द्या. गुन्हा दाखल झाला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोस्टाने वरिष्ठांकडे. शहर हद्दीत म्हणजे पोलीस आयुक्तालयात. तिथेही काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्रासह १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एनसी त्याच रात्रीची आहे आणि तिच्यात दात लिहिलाय, हे फार मोलाचं आहे. ‘आमच्या फिर्यादीनंतर सुचलेलं’ असा आरोप त्यामुळे टिकणार नाही.

जॉबरचा_भाऊ

दाताचं हे खरंच माहीत नव्हतं, उद्या सकाळीच सिव्हिलला नेतो. अजून दोन गोष्टी. एका ओळखीच्याने सांगितलं की ‘मी तिथे नव्हतोच’ असं म्हण, पाळीवर होतो म्हणून हजेरी दाखव. आणि समोरचे तडजोडीला तयार होतील असं वाटतंय. मिटवता येतं का?

काळा_कोट

‘नव्हतोच’ अजिबात म्हणू नका. त्याच रात्रीची स्वतःची एनसी सांगते की तो तिथे होता. एकाच तोंडाने ‘नव्हतो’ आणि ‘त्यांनी मला मारलं’ म्हटलं की दोन्ही पडतात. शिवाय खोटी हजेरी बनवली तर मालक आणि मुकादमही अडकतील.

तुमचा बचाव स्वसंरक्षणाचा आहे, न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४. त्यात तीन प्रश्न येतात: आधी हात कोणी उचलला, धोका त्या क्षणी चालू होता का, आणि वापरलेलं बळ गरजेपेक्षा जास्त होतं का (कलम ३७). वीट लागल्यावर हातातला पाना फिरवला तर बचाव उभा राहतो. समोरचा पळत असताना पाठलाग करून मारलं तर नाही. हे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं खरं, पण सरकार पक्षाइतकं ‘संशयापलीकडे’ नव्हे, आपली बाजू जास्त संभवनीय दिसली तरी पुरतं. आणि आरोपीच्या अंगावरच्या ठळक जखमेचा खुलासा सरकारी साक्षीदार देत नसतील तर ते घटना लपवतायत असा निष्कर्ष न्यायालय काढू शकतं. लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य, १९७६, सर्वोच्च न्यायालय. म्हणून दाताचा दाखला दोन्ही खटल्यांत लागणार. तुमचा गुन्हा नोंदला गेला की दोन्ही क्रॉस केस (एकाच घटनेच्या परस्परविरोधी केस) एकाच न्यायाधीशापुढे, एकामागोमाग चालवण्याची मागणी करा.

पाना हे ११८(१) चं हत्यार आहे का, हाही मुद्दा सोडू नका. त्या कलमात गोळी झाडण्याचं, भोसकण्याचं, कापण्याचं साधन, किंवा वापरलं तर मृत्यू येण्याची शक्यता असलेलं साधन असं म्हटलंय. लहान पाना आणि दीड फुटी पाइप पाना यांत फरक आहे. जप्ती पंचनाम्यात लांबी आणि वजन लिहिलंय का, तो पाना डॉक्टरांना दाखवून मत घेतलंय का, ते दोषारोपपत्राची प्रत मिळाली की पहिल्यांदा बघा. ११८(१) गळलं तर ११५(२) उरतं, म्हणजे कमाल १ वर्ष. ३५२ मध्येही नेमके शब्द फिर्यादीत आहेत का ते बघा, नुसतं ‘शिवीगाळ केली’ हे वाक्य फार कच्चं असतं.

सीसीटीव्हीचं काम मात्र आजच करा. रेकॉर्डिंगवर नवीन रेकॉर्डिंग चढतं, काही ठिकाणी आठवड्यातच. गेटचा आणि रस्त्यापलीकडचा असे दोन्ही कॅमेरे बघून मालकांना लेखी पत्र द्या, तपासी अंमलदाराला फुटेज ताब्यात घ्या म्हणून अर्ज द्या. त्यांनी घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कोर्टात अर्ज. कुणाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ असेल तर तो मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मूळ फाइल नसते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लागतं.

उलटतपास

तडजोडीबद्दल. ११५(२) जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो, ११७(२) कोर्टाच्या परवानगीने मिटतं. ११८(१) मात्र तडजोडयोग्य नाही, त्यामुळे खालच्या कोर्टात ‘आपसात मिटलं’ सांगून ते संपत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी सोलापूरकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि आपला जिल्हा त्यात आहे. फिर्यादीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तो स्वखुशीने आलाय का हे न्यायालय बघतं. पैसे रोख देऊन स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेला ‘समझोता’ गुन्हा रद्द करत नाही. आणि बोलणी वकिलांमार्फतच होऊ द्या. भावाने थेट फोन केला तर साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामिनाला विरोध होईल.

अजून एक कागद येण्याची शक्यता आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची चॅप्टर केसची (शांतता राखण्याची हमी मागणारी) नोटीस, दोन्ही बाजूंना. शहरात ती सहायक पोलीस आयुक्तांसमोर चालते. ती घाबरण्यासारखी नाही, पण तारखेला गैरहजर राहू नका, आणि बाँड लिहून देण्याआधी मुदत (जास्तीत जास्त १ वर्ष) आणि रक्कम वाचा. त्या मुदतीत गेटवर पुन्हा हातघाई झाली तर रक्कम जप्त होते.