पंडित हरिप्रसाद चौरसियांची भेट ठरलीय, सोबत काय नेऊ?

डावखुरा_पंढरपूर:
मी वायरमन. लहानपणी भजनी मंडळात बासरी हाती आली. डावखुरा असल्याने ती आपसूक डावीकडे जायची आणि कुणीतरी दटावून उजवीकडे करायचं. सोडूनच देणार होतो. मग एका रात्री दूरदर्शनवर पंडितजी दिसले, बासरी चक्क डावीकडे! त्यानंतर मी कुणाचं ऐकलं नाही. ते मुळात उजवीकडे धरायचे हे पुढे कळलं. गुरू अन्नपूर्णादेवींकडे नव्याने शिकायचं म्हणून त्यांनी हाताची बसलेली सवय मोडली आणि बाजू बदलली. नाव झालेला माणूस पुन्हा सा पासून सुरुवात करतो! अंग दुखत असलं तरी रात्री रियाजाला बसतो, ते हे आठवून.

आता ओळखीच्या एका वादकामुळे मुंबईत त्यांच्या पाया पडायला मिळणार आहे. शाल-श्रीफळ त्यांना आयुष्यभर मिळालंय. मी स्वतः केलेली पांढरी तीन पट्टीची (पेटीवरच्या त्या सुराची) बासरी नेऊ का?

शर्वरी_ठाणे:
जरूर न्या. फक्त "वाजवून बघा" म्हणू नका. त्यांचा जन्म 1938 चा, वयाचा मान ठेवा. आणि हात बदलल्याची गोष्ट त्यांनाच सांगू नका, ती त्यांच्या घरची. भजनी मंडळातली तुमची सांगा, ती त्यांनी ऐकलेली नाही. दोन वाक्यं पाठ करून जा. माझ्या गुरूंच्या गुरूंसमोर उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

वेळूवन:
मी बासऱ्या करतो म्हणून विचारतो, तीव्र मध्यमाचं, म्हणजे चढ्या म चं, सातवं छिद्र पाडलंय का? ती जुन्या पिढीतले बासरीवादक पन्नालाल घोष यांची वाट. पंडितजींची बासरी सहा बोटांची. त्यांच्यासाठी म्हणून नेताय तर त्यांच्या पद्धतीचीच हवी. सूर तानपुऱ्यावर नीट तपासा, विशेषतः वरचा सा.

आबा_मिरज:
माझं मत वेगळं. वस्तू नको. गुरुकुल काढून पोरं घडवणाऱ्या माणसाला तुम्ही कुणाला शिकवता हे ऐकायला जास्त आवडेल.

डावखुरा_पंढरपूर:
वेळूवन, छिद्रं सहाच आहेत. वरचा सा किंचित चढा वाटतोय, आज पुन्हा लावून बघतो.
आबा, गावातली दोन पोरं येतात माझ्याकडे. त्यांच्या बापांना विचारतो, मोठ्याला तरी सोबत नेतो. शर्वरीताई, वाक्यं लिहून काढतोय.