प्रति: डीव्हीआरमधून काय चोरणार?
एकाने वर म्हटलंय की डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात) जुन्या चित्रणाशिवाय असतं काय, रॅन्समवेअरवाले (फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारे) तिथे कशाला येतील. चित्रणासाठी येत नाहीत हे खरं, पण आत शिरल्यावर त्यांना कॅमेरा हत्यार म्हणून चालतो. २०२५ मध्ये उघड झालेल्या अकिरा या रॅन्समवेअर टोळीच्या एका हल्ल्यात सुरक्षा सॉफ्टवेअरने त्यांचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर अडवला. मग त्यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा वेबकॅम धरला आणि तिथूनच नेटवर्कवरचे शेअर्ड फोल्डर एन्क्रिप्ट केले, म्हणजे कुलूपबंद केले. अशा कॅमेऱ्यावर किंवा डीव्हीआरवर अँटीव्हायरस बसतच नाही!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांच्याकडे सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅम, टॅली आणि डीव्हीआर एकाच राउटरवर आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावं. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप वाट उघडू देणारी सोय) आधी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच बाहेरच्यांसाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून घेऊ शकतो. मग डीव्हीआरला वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागावर) टाका. गेस्ट वाय-फायचा इथे उपयोग नाही, डीव्हीआर बहुधा केबलवर असतो. आणि टॅलीच्या बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही जाते.